अक्का, ते दार कसं उघडायचं?

अक्का, तू गेलीस. ते कुणाच्या हातात नसतं, मान्य. पण जायच्या आधी ते एक दार कसं उघडायचं तेवढं सांगून गेली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं?

सगळे मला विचारतात, अक्कांची फार आठवण येत असेल ना? मी मान हलवते. खरं सांगायचं तर आठवणीपेक्षा चिडचिडच जास्त होते. तेराव्याला तुझ्या फोटोसमोर बसले होते तेव्हाही तेच. तुझ्या सुनेला दुसरा धड फोटो सापडला नाही म्हणे, म्हणून तिनं आपल्या मंडळातलाच मोठा करून लावला. गळ्यात हार, हाताची घडी आणि तोंडावर बोट. आलेली माणसं बघतच राहत होती. तुझ्या शाळेतल्या एक बाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, असला कसला फोटो लावलाय?" आता त्यांना काय सांगणार? ही बाई अशी बसली की समजायचं, समोर तिचीच गोष्ट चालू आहे आणि सगळे तिच्यात अडकून बसलेत.

तरी मी सांगत सुटले. त्या दिवशी आपलं मंडळ समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखलं. नाही हो, भिशी नाही. भजनी मंडळही नाही. आमच्या गोष्टी असतात, कॉम्प्युटरवर. गोष्ट थोडी पुढे जाते आणि थांबते. खाली विचारते, "पुढं काय?" मग वाचणाऱ्यानं लिहायचं, कंदील घे, विहिरीत डोकाव, म्हातारीला पत्ता विचार. तो जे लिहील तशी गोष्ट वळते. भलतंच काही लिहिलं तर म्हणते, "समजलं न्हाई, नीट सांग." हे वाक्य तुझं. सातवीच्या गणिताच्या वर्गात ते तू उभा जन्म वापरलंस आणि रिटायर झाल्यावर आमच्या बोकांडी बसवलंस. मंडळाचं नावही त्यातूनच पडलं, 'पुढं काय मंडळ'. त्या बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे गेमच की."

प्रशांतचं तर तू वाटोळंच केलंस. तुझा जुना विद्यार्थी, लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, बरं चाललं होतं त्याचं. तुला भेटायला आला आणि मोबाइलवर इंग्रजीतली असली गोष्ट दाखवून बसला. तू चष्मा वर करून विचारलंस, "हे मराठीत कामून न्हाई रे?" संपलं. त्या दिवसापासून त्याचे रविवार तुझे झाले. 'कडी काढ' म्हटलं काय आणि 'दार उघड' म्हटलं काय, यंत्राला दोन्ही कळलं पाहिजे, हे त्याला तू गृहपाठासारखं तपासून परत देत होतीस. मी आले ती फॉन्टच्या भानगडीतून. माझं नांदेडला डीटीपीचं दुकान, दिवसभर लग्नपत्रिका जुळवायच्या. तुझा फोन आला, "शैला का? जोडाक्षरं फुटून राहिलीत, काय करावं?" जोडाक्षरं जुळली आणि मी चिकटले ते चिकटलेच.

बैठक अहमदपूरला, तुझ्याच घरी. नांदेड आणि लातूरच्या मध्ये पडतं म्हणून. मी लोह्यावरून एसटीनं यायची, प्रशांत चाकूरवरून, बाकीचे चार-पाच जण आपापल्या सोयीनं. घराची पुढची खोली दाजींची. मोंढ्यातलं धान्याच्या अडतीचं दुकान पुतण्याकडे दिल्यापासून तुझे यजमान दिवसभर तिथेच, टीव्हीसमोर. आपण मागच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून. आम्ही आत जाताना दाजी न चुकता विचारायचे, "आले का खेळाडू?"

आणि तुझे ते नियम! ज्याची गोष्ट, त्यानं स्टुलावर बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. बाकीचे खेळतात, चुकतात, भिंतीवर डोकं आपटतात, त्यानं हूं की चूं करायचं नाही. "तुमची गोष्ट तुमच्यामागं लोकं वाचतील तवा तुम्ही शेजारी बसून राहनार हाव का? मग आताच गप बसायची सवय करा," असं तुझं म्हणणं. मला ते कधी जमलं नाही. माझ्या गोष्टीत कुणी अडलं की माझ्या तोंडून निघायचंच, "अहो, उशीखाली बघा ना!" मग तू माझ्याकडे अशी बघायचीस की मला पुन्हा सातवीत गेल्यासारखं व्हायचं. दुसरा नियम, ज्याला वाट सापडली त्यानं दुसऱ्याला सांगायची नाही. तिसरा, गोष्टीची फाइल आतून उघडून बघायची नाही. कुणी बघितली तर त्याला मंडळात चहा नाही.

चहावरून आठवलं. दर बैठकीत, बरोबर गोष्ट रंगात आली की पुढच्या खोलीतून हाक यायची, "अगं, चहा टाक." आणि तू उठायचीस. गोष्ट तुझी असो, माझी असो, कुणीतरी विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत असो. मी मागोमाग उठले की तू हात आडवा करायचीस. "बस गं तू. तुला पत्ती सापडायची न्हाई." एकदा मी चिडून म्हणाले, मग दाखव कुठे आहे ती. तर म्हणालीस, "दाखवण्यापरीस मीच टाकते, लवकर हुईल." यावरून आपलं किती वेळा वाजलं असेल, अक्का! तू कुरकुरायचीस की घरात कुणी कपभर चहा करत नाही, आणि चहाच्या डब्याजवळ कुणाला फिरकू द्यायची नाहीस. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं की तुझं उत्तर ठरलेलं, "तुझं लगीन होऊन किती वर्षं झाली गं? मग बोल." हे काय उत्तर झालं?

तुझी शेवटची गोष्ट तू वैशाखात आणलीस. नाव, 'जाऊन येते'. तू स्टुलावर बसलीस आणि आम्ही सुरू केलं. एक बाई आहे. पिशवी भरलेली आहे. तिला नांदेडला मैत्रिणीकडे जायचं आहे, गाडीला वेळ आहे, दार समोर आहे. मी तर ते वाचून हरखलेच. नांदेडची मैत्रीण म्हणजे मीच की! किती वर्षं म्हणतेय, एकदा ये, दोन दिवस राहा, गोदावरीच्या घाटावर जाऊ, माझं दुकान बघ. तू दर वेळी "येते की" म्हणायचीस. एकदाही आली नाहीस. म्हटलं, निदान गोष्टीत तरी निघाली बया.

निघते कसली! दाराकडे जा म्हटलं की पुढच्या खोलीतून हाक, "अगं, चहा टाक." चहा टाकला की, "रिमोट कुठं हाय?" रिमोट दिला की, "कोन आलंय बघ गं." कुणी आलेलं नसतं. हाकेकडे लक्ष न देता दार उघडायला जावं तर गोष्ट म्हणते, "तुझा हात कडीपर्यंत जातो. हाक पुन्हा येते. हात मागे येतो." आम्ही काय काय नाही केलं? चहा आधीच करून थर्मासमध्ये भरला. रिमोट त्यांच्या हातात बांधायचा म्हटला, तर "समजलं न्हाई, नीट सांग." मागच्या दारानं गेलो, तर तिथे धुणं वाळत घालायचं राहिलेलं. प्रशांतनं तर टीव्हीची वायर कापली. हाक आली, "अगं, टीव्ही बंद पडला बघ." एकदा त्यानं वैतागून नुसतं 'थांब' असं लिहिलं. "हाक पुन्हा येते, जरा मोठ्यानं." त्यानं हात जोडले. त्या वेळी तुझं ओठांवरचं बोट किंचित हललं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. मला वाटलं, शिंक आली असेल.

दोन बैठका त्या दारात गेल्या. शेवटी मी फोनवर भडकले. म्हटलं, अक्का, ही फसवणूक आहे. वाटच नाही ठेवलेली तू. वाचणाऱ्याला कोंडून घालायचं आणि वर बोट ठेवून बसायचं, हा नुसता छळ आहे. तू हसलीस. "हाव, छळच हाय तो. पण वाट हाय. तुमाला दिसंना, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, नाहीये. तू म्हणालीस, हाय. मी म्हटलं, मग नांदेडला येऊन दाखव. तू म्हणालीस, "येते की." नंतर मी रागानं दोन आठवडे फोन केला नाही, आणि मग तुझ्या मुलाचा आला. सकाळी अंघोळ करून आलीस, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी माझ्या दुकानात उभी, पुढ्यात कुणाच्यातरी लेकीची पत्रिका, आणि डोक्यात पहिला विचार काय आला असेल? की आता मला ही वाट कोण सांगणार? रडू त्यानंतर आलं. खूप आलं. पण ते नंतर.

तेरावं झाल्यावर आम्ही मागच्या खोलीत बसलो. स्टूल रिकामं. मी सरळ म्हटलं, प्रशांत, फाइल उघड आणि बघ, वाट आहे की नाही. तो तयार होईना. "अक्का चहा बंद करतील," म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मी म्हटलं, चहा बंदच झालाय. आमचं तिथे चांगलंच जुंपलं. आणि दारात दाजी येऊन उभे. त्या खोलीत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

"काय लिव्हलंय तिनं त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

सांगणार तरी काय? दाजी, तुम्हीच आहात त्यात, ओरडता आहात?

"उघडू नका काई," ते म्हणाले. "मला खेळू द्या. मला बी कळू द्या की, इतकी वर्षं हितं काय चालायचं."

अक्का, तुझा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला बसला होता. त्याचंही बरोबर होतं. या माणसाला साधा चहा करता येत नाही, दोन्ही वेळेला स्टँडजवळच्या हॉटेलातून मागवावा लागतो, जेवणाचं काय करणार? दाजींना अहमदपूर सोडायचं नव्हतं, पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ही तिची गोष्ट सपू दे. मग नेशील तिकडं येतो." मुलगा वैतागून एकटाच परत गेला. त्याला वाटलं असेल, आठ दिवसांची तर गोष्ट.

मग सुरू झाले फोन. एका बोटानं अक्षर शोधून शोधून टाइप करणारा माणूस, त्याला तू काय कोंडलंस! "शैला, चहा दिला तिनं. आता म्हनतो, रिमोट कुठं हाय. पुढं कसं जायचं?" मी म्हणायची, दाजी, मलाच माहीत नाही. पुन्हा संध्याकाळी, "शैला, हा मानूस लई हाका मारून राहिला गं." एकदा तर म्हणाले, "ह्याला काई दुसरा धंदा न्हाई का?" मला हसावं की फोन आपटावा कळेना. तो मानूस कोण, हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. एका दिवशी म्हणाले, "मी एवढा वरडायचो का गं?" मी म्हटलं, दाजी, टीव्हीचा आवाज मोठा असायचा. आणि मनात तुला शिव्या घातल्या. हे तुझ्या तोंडानं त्यांना सांगायचं काम, ते तू माझ्यावर टाकून गेलीस.

परवा त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. म्हणाले, "शैला, उठला तो."

"कोण उठला, दाजी?"

"तूच ये. प्रशांतला बी बोलव."

प्रशांतला क्लास सोडवेना, मी एकटीच गेले. दाजींनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि पहिल्यापासून खेळून दाखवलं. हाक आली, "अगं, चहा टाक." त्यांनी एका बोटानं लिहिलं, "बसून राहा." गोष्ट म्हणाली, "तू स्टुलावर बसतेस. हाक पुन्हा येते, जरा मोठ्यानं." पुन्हा तेच लिहिलं. "हाक पुन्हा येते. आता तिच्यात राग आहे." पुन्हा. "हाक येत नाही. टीव्ही चालू आहे." पुन्हा. माझा हात नकळत कीबोर्डकडे गेला, काहीतरी करावंसं वाटत होतं, निदान उठून बघावंसं. दाजींनी तो बाजूला केला. पुन्हा लिहिलं, "बसून राहा." आणि गोष्ट म्हणाली, "टीव्ही बंद होतो. पावलं वाजतात. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि विचारतात, 'पत्ती कुठं हाय?'"

मी बघतच राहिले. आम्ही सगळे कसलेले खेळाडू, वायरी कापल्या, थर्मास भरले, आणि नुसतं बसून राहायचं एकालाही सुचलं नाही. प्रशांतला सुचलं, तर एकदाच लिहून त्यानं सोडून दिलं. मी विचारलं, दाजी, तुम्हाला कसं सुचलं?

"मला दुसरं येतंय काय?" ते म्हणाले. "मी तेवढंच केलंय की जन्मभर."

मग त्यांनी पुढचं उत्तर लिहिलं, "सांग." आणि अक्का, तू सांगितलंस. गोष्टीतल्या त्या बाईनं स्टुलावरून न उठता सांगितलं, "वरच्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्यामागं. पिवळं झाकन."

दाजी म्हणाले, "हे वाचलं आनि मी उठून आत गेलो. व्हता डबा. तिथंच." ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. झाकण वाजलं. गॅसची खटखट ऐकू आली. मी मागोमाग उठले, तर त्यांनी आतूनच सांगितलं, "बस गं तू."

चहा झाला. साखर नको तेवढी, पत्ती उकळून कडू झालेली. मी तो शेवटपर्यंत प्यायले. किती वर्षं त्या घरात येतेय, आणि त्या स्वयंपाकघरातला तुझ्या हातचा नसलेला हा पहिला चहा. तो पिताना मला तुझा इतका राग आला, अक्का! एवढंच होतं ना? डाळीच्या डब्यामागे? हे तू इतक्या वर्षांत एकदा, नुसतं एकदा, स्टुलावर बसून सांगितलं असतंस तर? त्यांना तुझी पत्ती तू नसताना सापडावी, हा कुठला न्याय? आणि ते तरी आधी का उठले नाहीत? मी दोघांवरही चिडून तिथे बसले होते आणि त्यातली एक भांडायलाही उरलेली नव्हती.

गोष्टीत ते गृहस्थ चहाला आधण ठेवतात. बाई पिशवी उचलते. दाजींनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "हितून पुढं मी गेलो न्हाई. तुझ्याकडं निघालीय ती. तूच ने."

मी लिहिलं, "दार उघड." हाक आली नाही. कडी निघाली. मी लिहिलं, "जाऊन येते म्हण."

गोष्ट म्हणाली, "स्वयंपाकघरातून आवाज येतो, 'जा. मी हाय.' तू बाहेर पडतेस. ऊन पडलेलं आहे."

त्यापुढे 'पुढं काय' नव्हतं. मी खाली खाली शोधलं. गाडी नाही, लोहा नाही, नांदेड नाही, मैत्रीण नाही. तुझी गोष्ट उंबऱ्यापाशीच संपत होती. मी इतके दिवस धरून चालले होते की वाट माझ्या घरापर्यंत आहे. तुला तेवढं लांब यायचंच नव्हतं. तुला ते एक वाक्य ऐकून बाहेर पडायचं होतं, मग गाडी कुठलीही मिळो. मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. माझ्यासाठी दोन ओळी लिहायला तुला काय झालं होतं?

"सपली?" दाजींनी विचारलं.

"संपली."

"मी असं कधी म्हनलो न्हाई तिला," ते म्हणाले. मी तोंडावर बोट ठेवलं. तुझाच नियम. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही कप उचलले आणि धुवायला आत गेले. जाता जाता म्हणाले, पोराला फोन करतो, पुण्याचं राहू दे म्हणून. स्वयंपाकघर शिकून घेतो हळूहळू. पुढच्या बैठकीला सगळे या, चहा हाय.

माझी गाडीची वेळ झाली होती. मी पर्स घेतली, पुढच्या खोलीतून दारापर्यंत आले. टीव्ही बंद होता. सवयीनं मागे वळून म्हणाले, "जाऊन येते, दाजी."

आतून नळाचा आवाज थांबला.

"जा," ते म्हणाले. "मी हाय."

दार सताड उघडं होतं, अक्का. बाहेर ऊन होतं. आणि माझा पाय काही निघेना. हे वाक्य ज्या बाईला हवं होतं ती भिंतीवरच्या फोटोत हार घालून, तोंडावर बोट ठेवून बघत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर मोठ्यानं ओरडले, "बोल की आता!"